कॅनडात मुलांच्या शिक्षणासाठी स्टुडंट लाइन ऑफ क्रेडिट: सारखे येणारे प्रश्न

जून संपला की माझ्या फोनवर हेच प्रश्न सुरू होतात. ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मिल्टन, मधूनच कॅलगरीहूनही. कोणाच्या मुलीला ॲडमिशन मिळालेली असते, फीचं बिल आलेलं असतं आणि बँकेत अपॉइंटमेंट उद्यावर असते. आमच्या मोठीच्या वेळी आम्ही यातून गेलोय, त्यामुळे जे नीट माहिती आहे ते सगळं इथे एकदा लिहून ठेवते. मी बँकेतली नाही, एक आई आहे, तर सही करायच्या आधी तुमच्या बँकेचा कागद स्वतः वाचा. प्रश्नांना नंबर दिलेत म्हणजे तेच तेच परत लिहायला नको.

१. स्टुडंट लाइन ऑफ क्रेडिट म्हणजे आपल्याकडचं एज्युकेशन लोनच ना?

नाही. आपल्याकडे बँक कोर्सची फी बघून रक्कम मंजूर करते आणि टप्प्याटप्प्याने कॉलेजलाच पाठवते. इथे बँक एक मर्यादा उघडून देते, समजा वर्षाला १०,००० डॉलर, आणि त्यातले किती आणि कधी उचलायचे ते मूल ठरवतं. ३,००० उचलले तर व्याज ३,००० वरच. त्यातले १,००० परत भरले की तेवढी जागा पुन्हा मोकळी. वाण्याकडच्या खात्याच्या वहीसारखं समजा, फक्त इथे उचललेल्या दिवसापासून व्याज चालू होतं. बऱ्याच बँका दरवर्षी ॲडमिशनचा पुरावा मागतात आणि मगच पुढच्या वर्षाची रक्कम उघडतात. तारण लागत नाही, पण को-साइनर बहुतेक वेळा लागतोच (प्र. ६).

२. आधी ओसॅप करायचं की सरळ लाइन घ्यायची? ओसॅपचा फॉर्म फार किचकट आहे हो.

आधी ओसॅप, म्हणजे ओंटारियोची सरकारी शिक्षण-मदत. दुसऱ्या प्रांतात असाल तर तिथली स्कीम, जसं अल्बर्टा स्टुडंट एड किंवा स्टुडंट एड बीसी. फॉर्म किचकट आहे म्हणून सोडून देणारी घरं मी बघितलीत आणि मला खरंच वाईट वाटतं. कारण त्या एका फॉर्ममधून दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे ग्रँट, म्हणजे परत न करायचे पैसे. दुसरं सरकारी कर्ज, आणि त्यातल्या केंद्र सरकारच्या भागावर १ एप्रिल २०२३ पासून व्याजच नाही, शिकत असतानाही नाही आणि नंतरही नाही. ओंटारियोच्या भागावर शिक्षण संपल्यावर प्राइम (बँकांचा मूळ व्याजदर) अधिक १ टक्का लागतं, पण शिकत असताना तिथेही व्याज नाही.

"आमचं इन्कम जास्त आहे, आम्हाला काय मिळणार" हे प्रत्येकजण म्हणतो. भरून तर बघा. दुसरं मूलही कॉलेजात असेल तर हिशोब बदलतो.

माझा क्रम असा: आधी आरईएसपी (मुलांच्या शिक्षणासाठीचं बचत खातं, ज्यात सरकारही भर घालतं), मग ग्रँट आणि स्कॉलरशिप, मग सरकारी कर्ज, मग मुलाची उन्हाळ्यातली कमाई, आणि तरी जे भोक उरेल तेवढ्यापुरतीच लाइन. आरईएसपीतून पहिल्या १३ आठवड्यांत फुल-टाइम विद्यार्थ्याला सरकारी मदत आणि वाढीचा जो भाग काढता येतो त्याला ८,००० डॉलरची मर्यादा आहे, तुम्ही स्वतः घातलेल्या पैशाला ती नाही. ही मर्यादा माहिती नसल्याने सप्टेंबरात पैसे कमी पडतात आणि लोक घाईने लाइन काढतात. आधीच विचारून ठेवा.

३. व्याज नक्की किती पडतं?

दर फ्लोटिंग असतो, प्राइम अधिक काहीतरी. हे "काहीतरी" तुमचं क्रेडिट, कोर्स आणि बँक यांवर ठरतं. लोक त्या अधिकच्या आकड्यावर घासाघीस करतात आणि प्राइमकडे बघतच नाहीत, खरा खेळ तिथे होतो.

२०२२ च्या मार्चच्या सुरुवातीपर्यंत प्राइम २.४५ टक्के होता. जुलै २०२३ मध्ये तो ७.२० वर गेला. २०२५ च्या ऑक्टोबर अखेरीस ४.४५ वर आला. आता लाइनवर २०,००० उचललेत आणि दर प्राइम अधिक १ आहे असं धरा. पहिल्या वेळी महिन्याचं व्याज साधारण ५७ डॉलर, दुसऱ्या वेळी १३७, तिसऱ्या वेळी ९१. एक पैसाही जास्त उचललेला नाही, आणि दीड वर्षात व्याज दुपटीच्याही वर. सही करताना हा मधला आकडा डोक्यात ठेवून झेपेल का ते बघा.

४. शिकत असताना काहीच भरायचं नसतं ना?

हा सगळ्यात जास्त येणारा गैरसमज. मुद्दल भरायचं नसतं, व्याज बहुतेक बँका दर महिन्याला मागतात. काही बँका ते व्याज त्याच लाइनमधून कापून घेतात, म्हणजे खिशातून काही जात नाही आणि सगळं फुकट चाललंय असं वाटतं, पण ते व्याज मुद्दलात जातं आणि त्यावर परत व्याज. बँकेत एवढं एकच विचारा: "महिन्याचं व्याज कुठून जाणार?" मुलाच्या चेकिंग खात्यातून जाईल असं सांगा.

चार वर्षांचा साधा हिशोब देते. दर सप्टेंबरला ८,००० उचलले आणि दर ६ टक्के धरला, तर महिन्याचं व्याज पहिल्या वर्षी ४०, मग ८०, १२०, आणि चौथ्या वर्षी १६० डॉलर. चार वर्षांत ४,८०० फक्त व्याज. पार्ट-टाइम काम करणाऱ्या मुलाला ४० डॉलर सहज जमतात, १६०ही जमू शकतात, पण आधी सांगितलेलं असलं तर.

५. मुलीच्या ॲपमध्ये ९,२०० दिसतायत. हे तिचे पैसे आहेत का?

नाहीत! हा प्रश्न माझ्याकडे आला तेव्हा मी ओळखलंच, कारण आमच्याकडे हेच झालं होतं. मोठी पहिल्या वर्षाला, किचनमध्ये उभी राहून फोन दाखवते, "आई, माझ्याकडे अजून इतके आहेत." ॲपमध्ये चेकिंग खातं, त्याखाली सेव्हिंग, त्याखाली लाइन, तिन्ही एकाच रंगात एकाखाली एक. लाइनच्या पुढचा मोठा आकडा होता तो अजून किती उधार घेता येईल याचा. जे देणं होतं ते बोट लावून आत गेल्यावर बारीक अक्षरात.

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी बसून लाइनला ॲपमध्ये टोपणनाव दिलं, "उधारी". बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये खात्याला असं नाव देता येतं. आणि एक नियम केला, लाइनला डेबिट कार्ड जोडायचं नाही, फी आणि भाडं याच दोन गोष्टी लाइनमधून ऑनलाइन जातील, बाकी खर्च चेकिंगमधून. कॉफी आणि ऊबर लाइनवर जायला लागले की थांबवणं फार अवघड असतं, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

६. को-साइनर म्हणजे नुसती सही ना? बँकवाला म्हणाला फॉर्मॅलिटी आहे.

आम्हालाही एका बँकेत हेच शब्द सांगितले गेले. फॉर्मॅलिटी नाही. को-साइनर म्हणजे तुम्ही स्वतः कर्जदार. मुलाने हप्ता चुकवला तर बँक आधी मुलाच्या मागे लागून मग तुमच्याकडे येईल असं काही नाही, पूर्ण रक्कम थेट तुमच्याकडून मागू शकते.

रोजच्या आयुष्यात याचा अर्थ काय ते सांगते. ती लाइन तुमच्याही क्रेडिट रिपोर्टवर येऊ शकते, आणि हप्ता चुकला तर डाग तुमच्यावरही, आणि तो इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिट रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्यांकडे वर्षानुवर्षं राहतो. तुम्ही दोन वर्षांनी मोठं घर घ्यायला गेलात की मॉर्गेज देणारी बँक हे देणं तुमच्याही डोक्यावर धरते, मग हप्ता मूल भरत असो की कोणी. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याचं मॉर्गेज याच कारणाने अपेक्षेपेक्षा कमी मंजूर झालं, घर ताब्यात घ्यायच्या तोंडावर धावाधाव.

"नंतर नाव काढता येईल" हेही सांगतात. कधीकधी येतं, मुलाची नोकरी आणि क्रेडिट पक्कं झाल्यावर, पण ते बँकेच्या मर्जीवर असतं. सही करायच्या आधी हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आणि तुमच्याही ईमेलवर दर महिन्याचं स्टेटमेंट येईल अशी सोय करा. मुलावर अविश्वास म्हणून नाही, कर्ज तुमचंही आहे म्हणून.

मोठ्या भावाने, मावशीने, मित्राने सही केली तरी सगळं हेच लागू. भाचरांसाठी प्र. १४ बघा.

७. मुलगा सप्टेंबरात कॉलेजला जाईल पण १८ पूर्ण व्हायला नोव्हेंबर उजाडेल. मग?

ओंटारियोत सज्ञान वय १८, ब्रिटिश कोलंबिया आणि नोव्हा स्कोशियात १९. त्याआधी बँक मुलाच्या नावावर कर्जाचा करार सहसा करत नाही. पहिल्या टर्मची फी आरईएसपी, ओसॅप किंवा तुमच्या खिशातून भागवा आणि वाढदिवसानंतर लाइन काढा. ओसॅपला १७ वयाची अडचण नाही.

८. हे पैसे फक्त फीलाच वापरायचे का?

नाही, भाडं, पुस्तकं, लॅपटॉप, बसपास, जेवण, सगळं चालतं. बँक पावत्या मागत नाही. याच कारणाने प्र. ५ मधला नियम लावून घ्या.

९. लाइनवरचं व्याज टॅक्समध्ये दाखवता येतं का?

नाही. टॅक्स रिटर्नमधल्या ३१९०० नंबरच्या ओळीवर जे स्टुडंट लोनचं व्याज दाखवतात ते फक्त सरकारी विद्यार्थी कर्जाचं. बँकेच्या लाइनचं व्याज, नावात "स्टुडंट" असलं तरी, चालत नाही. दरवर्षी एप्रिलमध्ये कोणीतरी हे टाकतं आणि मग सीआरएचं (टॅक्स खात्याचं) पत्र येतं.

फीचं क्रेडिट मात्र वेगळं. फी लाइनमधून भरली तरी कॉलेजच्या टी२२०२ फॉर्मवरचं ट्यूशन क्रेडिट मिळतंच, आणि मुलाला त्या वर्षी टॅक्स नसेल तर ५,००० डॉलरपर्यंतची फी आई किंवा वडिलांकडे ट्रान्सफर करता येते.

१०. लाइनचा दर कमी मिळतोय. त्यातून ओसॅप एकदम फेडून टाकू का? एकच हप्ता राहील.

कृपा करून नको. गेल्या वर्षी एकाने हे करून झाल्यावर मला विचारलं आणि तेव्हा काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

पहिलं, केंद्राच्या भागावर व्याज शून्य आहे. शून्याचं कर्ज फेडायला पाच-सहा टक्क्यांचं काढण्यात काय अर्थ आहे? ओंटारियोच्या भागाला व्याज आहे, पण त्याचाही हिशोब फक्त टक्क्यांवर करू नका.

दुसरं, सरकारी कर्जाला रिपेमेंट असिस्टन्स प्लॅन आहे. एकट्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न ४०,००० डॉलरपर्यंत असेल तर केंद्राच्या भागाचा हप्ताच मागत नाहीत, आणि त्यावर असेल तरी हप्ता उत्पन्नाच्या १० टक्क्यांपेक्षा वर जात नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो, आपोआप होत नाही. नोकरी गेली, तब्येत बिघडली, मूल झालं, अशा वेळी हा प्लॅन घर सावरतो. लाइनला असं काही नाही.

तिसरं, टॅक्सची सवलत जाते (प्र. ९). सरकारी कर्ज लाइनमध्ये मिसळलं की त्या व्याजावरचा हक्क संपला. चौथं, गावाकडच्या भागात काम करणाऱ्या डॉक्टर आणि नर्सना केंद्र सरकार कर्जमाफी देतं, ती सरकारी कर्जाचीच. मुलगी नर्सिंगला असेल तर हे आत्ताच लिहून ठेवा.

उलटं करा. हातात जास्तीचे पैसे आले की आधी लाइन फेडा, सरकारी कर्जाचा ठरलेला हप्ता चालू द्या.

११. डिग्री झाल्यावर किती दिवसांनी फेडायला लागतं?

बँकेप्रमाणे बदलतं, ६ महिन्यांपासून २४ महिन्यांपर्यंत ग्रेस पिरियड (मुद्दल फेडायला मिळणारी सवड) बघितलाय, आणि त्यात व्याज चालूच असतं. मग लाइन बंद होऊन तिचं साधं हप्त्यांचं कर्ज होतं. ३०,००० देणं असेल, ६ टक्के आणि १० वर्षं धरली तर महिन्याला साधारण ३३३ डॉलर, एकूण भरणा ४०,००० च्या जवळ. आधी फेडलं तर दंड आहे का ते विचारा, सहसा नसतो.

ओसॅपचा ग्रेस ६ महिन्यांचा. दोन्ही असतील तर दोन्ही तारखा एकाच कॅलेंडरवर टाका, मुलं एक लक्षात ठेवतात आणि दुसरी विसरतात.

१२. मुलाने एक टर्म सोडली, किंवा पार्ट-टाइम झाला, किंवा को-ऑपला गेला तर?

को-ऑप, म्हणजे कोर्समधलीच कामाची टर्म, ही शिक्षणाचाच भाग असते, युनिव्हर्सिटी एन्रोलमेंट लेटर देते, ते बँकेला पाठवा, बहुतेक अडचण येत नाही. पार्ट-टाइमला काही बँका चालवून घेतात पण मर्यादा कमी करतात. टर्म सोडली तर मात्र बँकेच्या दृष्टीने विद्यार्थीपण संपलं आणि ग्रेसचं घड्याळ चालू. मुलं हे घरी सांगायला घाबरतात, आणि आई-वडिलांना कळतं ते पहिला हप्ता चुकल्यावर. टर्म सोडायचीच असेल तर सोडण्याआधी बँकेला फोन करा. कारण आजारपण असेल, डिप्रेशन असेल, तर तेही सांगा. आधी बोललेल्याला बँका सहसा मुदत देतात.

१३. आमच्या घरावर एचईएलओसी (घर तारण ठेवून मिळालेली लाइन) आहे, दर कमी आहे. तीच वापरू?

दर बऱ्याचदा खरंच कमी असतो. पण मग कर्ज पूर्ण तुमचं, घर तारण, आणि मुलाच्या नावावर काहीच क्रेडिट हिस्टरी तयार होत नाही. निवृत्तीला दहा वर्षं राहिली असतील तर मी नाही करणार. मॉर्गेज जवळजवळ फिटलंय आणि रक्कम लहान आहे तर ठीक. मुलाशी परतफेडीचं जे ठरेल ते कागदावर लिहा, घरातलं असलं तरी.

१४. भाची पुण्याहून ओंटारियोतल्या कॉलेजला येतेय. तिला लाइन मिळेल का? मी को-साइन करू का?

स्टडी परमिटवर येणाऱ्याला ओसॅप मिळत नाही, ते नागरिक, पीआर आणि संरक्षित व्यक्तींनाच. लाइन काही बँका देतात, पण को-साइनर कॅनडाचा नागरिक किंवा पीआर हवा, म्हणून मामा-मावशीला फोन येतात.

आधी हे बघा: परमिटसाठी खर्चाचा पुरावा तिकडेच द्यावा लागतो. एकट्या विद्यार्थ्यासाठी १ सप्टेंबर २०२५ पासून राहण्याच्या खर्चाची ही रक्कम २२,८९५ डॉलर आहे (त्याआधी २०,६३५ होती), आणि पहिल्या वर्षाची फी त्याशिवाय. क्वेबेकचे नियम वेगळे. हे पैसे तिकडच्या बँकेच्या एज्युकेशन लोनमधून उभे करता येतात, आणि जुन्या टॅक्स रिजिममध्ये त्या व्याजावर टॅक्सची सवलत आठ वर्षांपर्यंत मिळते.

को-साइन करायचं की नाही हे मी तुम्हाला सांगू शकत नाही, पण एक प्रश्न स्वतःला विचारा. ती उद्या कॅनडा सोडून परत गेली, व्हिसाच्या कारणाने किंवा लग्नाच्या, तर पूर्ण रक्कम तुम्ही फेडू शकता का आणि ताईशी संबंध तसेच राहतील का? उत्तर नाही असेल तर सही करू नका, त्याऐवजी सहा महिने घरात ठेवून घ्या, भाडं वाचणं हीही मोठी मदत असते. हो म्हणणार असाल तर प्र. ६ परत वाचा.

१५. मी ४२ वर्षांची, पीआर, परत कॉलेजला जायचंय. मला मिळेल?

मिळेल, वयाची अट नाही. नोकरी आणि क्रेडिट चांगलं असेल तर को-साइनरही लागणार नाही कदाचित. आधी ओसॅप बघाच, ते मोठ्यांनाही आहे. शिवाय आरआरएसपीत (निवृत्तीच्या बचत खात्यात) पैसे असतील तर लाइफलाँग लर्निंग प्लॅनखाली वर्षाला १०,००० आणि एकूण २०,००० पर्यंत टॅक्स न लागता काढता येतात, १० वर्षांत परत भरायचे. हे स्वतःसाठी किंवा नवरा-बायकोसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी नाही, हे मुद्दाम सांगते कारण विचारणारे बरेच असतात.

१६. मेडिकलला लागलेल्या मुलाला म्हणे तीन लाख डॉलर देतात?

हो, मेडिसिन आणि डेंटिस्ट्रीच्या लाइन वेगळ्याच असतात. मर्यादा तीन लाखांच्या वर जाते, दर प्राइमच्याही खाली असू शकतो, को-साइनरही बऱ्याचदा लागत नाही, आणि रेसिडेन्सी (डिग्रीनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) संपेपर्यंत फक्त व्याज. मंजूर झालं म्हणून उचलायचं असं मात्र नाही, एवढ्या रकमेवर प्राइम एक टक्का हलला तरी वर्षाला तीन हजार डॉलरचा फरक.

१७. नोकरीच नाहीये, हप्ता भरता येत नाहीये. दिवाळखोरी केली तर सुटका होते का?

सरकारी कर्ज शिक्षण संपून सात वर्षं झाल्याशिवाय दिवाळखोरीत सुटत नाही. बँकेच्या लाइनला हा सात वर्षांचा नियम नाही, ती साध्या कर्जासारखी धरली जाते. पण मूल सुटलं तरी को-साइनर सुटत नाही, उरलेलं सगळं तुमच्याकडे येतं. त्यामुळे त्या टोकाला जायच्या आधी बँकेला फोन करा, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा, आणि ना-नफा क्रेडिट काउन्सेलरकडे जा. सरकारी भागासाठी प्र. १० मधला प्लॅन आजच भरा.

१८. आजोबा नाशिकहून लाइन फेडायला पैसे पाठवायचं म्हणतायत. चालेल का?

चालेल. भारतात राहणारा माणूस एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) आर्थिक वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलरपर्यंत पाठवू शकतो आणि कॅनडात अशा भेटीवर टॅक्स नाही. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर गेलं तर तिकडची बँक टीसीएस (पाठवतानाच कापलेला टॅक्स) घेते, ते आजोबांना रिटर्न भरताना वळतं करून मिळतं, म्हणून शक्य असेल तर रक्कम मार्च आणि एप्रिल अशी दोन वर्षांत विभागून पाठवायला सांगा. पैसे आले की चेकिंगमध्ये पडून राहू देऊ नका, त्याच दिवशी लाइनमध्ये भरा, आणि शिक्षण संपलं असेल तर बँकेला फोन करून मर्यादाही तेवढी खाली आणायला सांगा, नाहीतर ती मोकळी झालेली जागा ॲपमध्ये परत मोठ्या आकड्यात दिसायला लागते.